नोबेल शांतता पुरस्कारासाठी नाव पाठवायचं आहे: पत्र कोण देऊ शकतं आणि त्यात काय लिहायचं?

पूर्वभाग_वाचनालय

नमस्कार. सोलापूरच्या पूर्वभागात विडी वळणाऱ्या बायकांसाठी संध्याकाळचे साक्षरता वर्ग चालवणाऱ्या एका संस्थेच्या वतीने विचारते आहे. संस्था वीस वर्षांहून जुनी आहे. वर्ग कधी कुणाच्या ओट्यावर, कधी समाजमंदिरात भरतात. घरात तेलुगू आणि कारखान्याच्या कार्डावर मराठी अशी तिथली स्थिती, म्हणून शिकवणं तेलुगूतून सुरू होतं आणि मग मराठी अक्षरांकडे वळतं. संस्था उभी करणाऱ्या बाई पुढच्या वर्षी पंचाहत्तरीच्या होतील. त्यांचं नाव नोबेल शांतता पुरस्कारासाठी पाठवायचं, असं कार्यकर्त्यांच्या बैठकीत ठरलं आहे.

आतापर्यंत झालं ते असं. आमदारांचं शिफारसपत्र हातात आहे. एका महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक पत्र द्यायला तयार आहेत. २५ हजार सह्या गोळा करायच्या, असं काही जणांचं म्हणणं आहे. ४५ हजार रुपयांत नामांकन दाखल करून 'नामांकन प्रमाणपत्र' आणून देतो, असं एका एजन्सीने कळवलं आहे. आणि पंचाहत्तरीच्या फ्लेक्सवर 'नोबेल नामांकित' लिहावं, असा एका गटाचा आग्रह आहे.

यातलं काय चालतं आणि काय नाही? पत्र कोणाचं लागतं, मुदत काय, पत्रात नेमकं काय असावं? आणि या कामाला जास्त जवळचा दुसरा एखादा आंतरराष्ट्रीय पुरस्कार आहे का?

केगावकर

ताई, आधी पत्र कोणाचं चालतं ते बघू. बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

शांतता पुरस्कार नॉर्वेची नोबेल समिती देते. पाच सदस्यांची ही समिती नॉर्वेची संसद नेमते. इतर नोबेल स्टॉकहोमला ठरतात, हा एकच ऑस्लोला. नाव कोणी सुचवायचं याचे गट समितीने ठरवून दिले आहेत, आणि त्यांच्याबाहेरचं पत्र कितीही मोठ्या माणसाचं असलं तरी विचारात घेतलं जात नाही. आपल्याला उपयोगी पडतील असे गट सांगतो.

पहिला गट देशाच्या संसदेचे आणि देशाच्या सरकारचे सदस्य. म्हणजे लोकसभेचे किंवा राज्यसभेचे खासदार आणि केंद्रीय मंत्री. आमदार यात बसत नाहीत आणि राज्याचे मंत्रीही बसत नाहीत, कारण नियमात शब्द राष्ट्रीय पातळीचे आहेत. आमदारांचं पत्र संस्थेच्या फाइलला ठेवा, नामांकन म्हणून ते चालणार नाही. आपल्या जिल्ह्याला मुख्यतः सोलापूर आणि माढा असे दोन लोकसभा मतदारसंघ लागतात. दोन्हीकडचे खासदार पात्र आहेत, पक्ष कुठलाही असो.

दुसरा गट विद्यापीठातल्या प्राध्यापकांचा. इथे विषय बघतात: इतिहास, सामाजिक शास्त्रं, कायदा, तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र, धर्म. प्राध्यापक, मानद निवृत्त प्राध्यापक आणि सहयोगी प्राध्यापक चालतात. सहायक प्राध्यापक या यादीत नाहीत. रसायनशास्त्राच्या सरांचा हेतू चांगला आहे, पण त्यांचा विषय यादीत नाही. शिवाय यादीत विद्यापीठ असा शब्द आहे, त्यामुळे संलग्न महाविद्यालयापेक्षा विद्यापीठाच्या संकुलातली व्यक्ती धरलेली बरी. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या सामाजिक शास्त्रांच्या संकुलात विचारा. केगावला एक चक्कर मारलीत की कळेल.

तिसरा गट विद्यापीठाचे प्रमुख, म्हणजे आपल्याकडे कुलगुरू.

याखेरीज शांतता संशोधन आणि परराष्ट्र धोरण संस्थांचे संचालक, आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे सदस्य, आधी शांतता पुरस्कार मिळालेल्या व्यक्ती, पुरस्कार मिळालेल्या संघटनांच्या मुख्य मंडळाचे सदस्य, समितीचे आजी-माजी सदस्य आणि माजी सल्लागारही नाव सुचवू शकतात. कैलाश सत्यार्थी यांना २०१४ मध्ये मलाला युसुफझाईबरोबर हा पुरस्कार मिळाला, त्यामुळे तेही पात्र ठरतात. मात्र तुमचं काम त्यांना माहीत नसेल तर त्यांनी सही का करावी? काम जवळून पाहिलेला विद्यापीठातला समाजशास्त्राचा प्राध्यापक तुमच्यासाठी जास्त मोलाचा.

स्वतःचं नाव स्वतः सुचवता येत नाही. बाईंच्या सहीचा कागद जोडला तर तो बाजूला ठेवतील.

सह्यांच्या मोहिमेत वेळ घालवू नका. एका पात्र व्यक्तीचं एक पत्र आलं की नाव यादीत जातं. दहा पात्र लोकांनी लिहिलं म्हणून ते वर चढत नाही, आणि अपात्र २५ हजार सह्यांची किंमत शून्य. त्या कार्यकर्त्यांचे पंधरा दिवस वर्गांची माहिती नीट जमवण्यात गेले तर खूप उपयोग होईल.

जुनी_मिल_चाळ

त्या ४५ हजारांबद्दल स्पष्ट लिहितो. देऊ नका. नामांकनाला एक रुपयाही फी नाही. पात्र व्यक्ती समितीच्या अधिकृत संकेतस्थळावरचा ऑनलाइन अर्ज स्वतः भरते, मधल्या माणसाला तिथे जागाच नाही. शांतता पुरस्कारासाठी समितीकडून निमंत्रणपत्र यावं लागतं असंही काही एजन्सी सांगतात. शांततेसाठी ते लागत नाही. निमंत्रणाची पद्धत विज्ञानाच्या पुरस्कारांना आहे.

'नामांकन प्रमाणपत्र' नावाची वस्तू अस्तित्वातच नाही. कोणाचं नाव आलं आणि कोणी पाठवलं हे समिती ५० वर्षं उघड करत नाही. ती माध्यमांना सांगत नाही आणि ज्याचं नाव आलं त्यालाही कळवत नाही. मग प्रमाणपत्र देणार कोण? रंगीत कागदावर सोनेरी पदक छापून मिळेल, त्याच्याशी ऑस्लोचा काही संबंध नसेल. पदकाचं चित्र हा नोबेल फाउंडेशनचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे, म्हणून फ्लेक्सवरही परवानगीशिवाय ते छापू नका.

'नोबेल नामांकित' या शब्दांबद्दल. २०२५ साठी समितीकडे ३३८ नावं होती: २४४ व्यक्ती आणि ९४ संघटना. २०१६ मध्ये ३७६ होती. जगभरात पात्र माणसं हजारोंनी आहेत, आणि त्यांतल्या एकाने अर्ज भरला एवढाच नामांकनाचा अर्थ. समितीने पसंती दिली असा तो होत नाही. १९३९ मध्ये स्वीडनच्या एका खासदाराने हिटलरचं नाव पाठवलं होतं. तो उपरोध होता आणि ते नाव मागे घेतलं गेलं, पण नोंदीत ते आजही दिसतं. फ्लेक्सवर हे शब्द टाकले की जाणकार माणूस बाईंच्या खऱ्या कामाकडेही शंकेने बघायला लागतो. वीस वर्षांचं काम दोन शब्दांपायी झाकून टाकू नका.

पूर्वभाग_वाचनालय

मनापासून आभार. एजन्सीला नकार कळवला. फ्लेक्सवर आता 'अक्षरओळखीची वीस वर्षं' असं काहीतरी येईल.

समाजशास्त्राच्या एका प्राध्यापिका आमच्या वर्गांवर येऊन गेल्या आहेत, त्यांना विचारते. पण त्या म्हणतील, "मसुदा तुम्ही द्या." मसुद्यात काय घालायचं? आमच्याकडे वर्तमानपत्रांच्या कात्रणांच्या तीन फाइली आणि मानपत्रांचा ढीग आहे.

आणखी एक. एका कार्यकर्त्याने विचारलंय की डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, मग त्यांच्या नावाने नोबेल मागता येईल का?

नवी_पेठ_ग्रंथपाल

कोटणीसांचं आधी सांगते. येणार नाही. डॉ. कोटणीस सोलापुरात १९१० मध्ये जन्मले, १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. नोबेलचा नियम १९७४ पासून अगदी स्पष्ट आहे: मृत व्यक्तीला पुरस्कार नाही. घोषणेनंतर आणि समारंभाच्या आधी मृत्यू झाला, तरच पुरस्कार कायम राहतो. २०११ मध्ये वैद्यकशास्त्राच्या पुरस्कारात राल्फ स्टाइनमन यांचं नाव जाहीर झालं आणि ते तीन दिवस आधीच वारल्याचं नंतर कळलं. घोषणा करताना समितीला हे माहीत नव्हतं, म्हणून तो पुरस्कार तसाच ठेवला. नियम होण्याआधी दोनदा मरणोत्तर दिला गेला: १९३१ मध्ये साहित्याचा एरिक आक्सेल कार्लफेल्ट यांना आणि १९६१ मध्ये शांततेचा डाग हामरशोल्ड यांना.

गांधीजींचं उदाहरण कार्यकर्त्यांना जरूर सांगा. त्यांचं नाव १९३७, १९३८, १९३९, १९४७ आणि हत्येच्या काही दिवस आधी १९४८ मध्ये सुचवलं गेलं. १९४८ चा पुरस्कार समितीने कोणालाच दिला नाही, योग्य असा हयात उमेदवार नाही असं कारण देऊन. नोबेलच्या संकेतस्थळावर नामांकनांचं दप्तर खुलं आहे. तिथे गांधींचं नाव टाकून शोधलं की कोणत्या वर्षी कोणी सुचवलं ते दिसतं. १९३७ ला सुचवणारे नॉर्वेच्या संसदेचे सदस्य होते. पन्नास वर्षं झालेल्याच नोंदी उघडतात, त्यामुळे अलीकडच्या कोणाचं नाव तिथे शोधू नका.

आता मसुदा.

पूर्ण नामांकनाला तीनच गोष्टी लागतात: उमेदवाराचं नाव, ती व्यक्ती किंवा संस्था योग्य का आहे याचं विवेचन, आणि सुचवणाऱ्याचं नाव, पद आणि ती कुठे काम करते ते. सगळा जोर मधल्या विवेचनावर. दोन पानं पुरतात. इंग्रजीत लिहा.

पहिली चूक इथेच होते. मानपत्राची भाषा तशीच उतरवली जाते: 'तळागाळातल्या माउली', 'क्रांतीची मशाल', 'उभं आयुष्य झिजवलं'. मराठीत व्यासपीठावर ते शोभतं, इंग्रजी पत्रात त्याचं ओझं होतं. वाचणाऱ्याला बाई कशा आहेत यापेक्षा काय बदललं ते हवं असतं.

तुमच्याच कामातलं एक उदाहरण घेते. 'अमुक हजार महिलांना साक्षर केलं' हे वाक्य कोणतीही संस्था लिहिते. त्याऐवजी कार्ड दाखवा. पंचवीस विड्यांचं एक बंडल, चाळीस बंडलं म्हणजे हजार, आणि मजुरी हजारावर. बाई माल घेऊन कारखान्याच्या शाखेत जाते, तिथे तपासणीत छाट काढतात, उरलेला आकडा तिच्या कार्डावर चढतो. तो आकडा तिला वाचता येत नसेल तर किती छाट गेली आणि किती धरले हे ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकते. वाचता आला की ती तिथल्या तिथे बोट ठेवून विचारते. तेव्हा पत्रात हे लिहा: वर्ग संपल्यावर किती बायका आपलं कार्ड स्वतः वाचतात, किती जणी भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज स्वतः भरतात, किती जणी अंगठ्याऐवजी सही करतात. प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून आला ते लिहा: हजेरीपट, चाचणीचे पेपर, विद्यापीठाची पाहणी. जो आकडा दाखवता येणार नाही तो गाळा. कमी पण पक्के आकडे ठेवा.

दुसरी चूक म्हणजे शांततेशी दुवा न जोडणं. हा पुरस्कार समाजसेवेचा नाही. नोबेल यांच्या २७ नोव्हेंबर १८९५ च्या मृत्युपत्रात तीन कामं लिहिलेली आहेत: राष्ट्राराष्ट्रांत बंधुभाव वाढवणं, खडं सैन्य रद्द किंवा कमी करणं, शांतता परिषदा भरवणं. समितीने पुढे हा अर्थ पुष्कळ रुंदावला. १९७९ मध्ये मदर तेरेसा, २००६ मध्ये मुहम्मद युनूस आणि ग्रामीण बँक, २०१४ मध्ये मुलांच्या शिक्षणाचा हक्क. तरी दुवा तुम्हालाच दाखवावा लागेल. तुमच्या वर्गात तेलुगू, मराठी, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या बायका एका सतरंजीवर बसत असतील आणि त्यातून वस्तीत काही बदललं असेल, तर तो धागा धरा. तसं काही घडलं नसेल तर ओढूनताणून लिहू नका. मग हा पुरस्कार तुमच्या कामाचा नाही, एवढंच.

तिसरी चूक नावाची. एका कात्रणात एक स्पेलिंग, मानपत्रात दुसरं, संस्थेच्या नोंदणीत तिसरं. पासपोर्टवर किंवा आधारवर जे इंग्रजी स्पेलिंग आहे तेच सगळीकडे ठेवा. संस्थेचं नाव नोंदणी प्रमाणपत्राप्रमाणे.

कात्रणांच्या तीन फाइलींतून चार कात्रणं निवडा, ज्यांत कामाची माहिती आहे ती. सत्कारांच्या बातम्या नकोत. प्रत्येकाचा चार ओळींचा इंग्रजी सारांश द्या. मानपत्रं आणि शाल-श्रीफळाचे फोटो जोडायची गरज नाही.

आणि प्राध्यापिकाबाईंना मसुदा देऊ नका, टिपणं द्या. पत्र त्यांचं आहे, त्यांनी काय पाहिलं ते त्यांच्या शब्दांत यायला हवं. संस्थेने लिहिलेलं पत्र पहिल्या परिच्छेदातच ओळखू येतं.

केगावकर

ग्रंथपालबाईंनी शेवटी सांगितलेलं महत्त्वाचं. त्याला एक जोड देतो: उमेदवार म्हणून बाईंऐवजी संस्थेचं नाव द्यायचा विचार करा. सहा नोबेलांमध्ये संस्थेला मिळू शकणारा हा एकटाच पुरस्कार. २०२४ मध्ये अणुबॉम्बमधून वाचलेल्यांच्या निहॉन हिदानक्यो या जपानी संघटनेला मिळाला. काम वीस वर्षं अनेक हातांनी झालं असेल तर पत्रातही ते तसंच दिसावं.

यादीत नाव गेल्यावर पुढे काय होतं तेही सांगून ठेवतो, म्हणजे फेब्रुवारीत कोणी विचारलं तर उत्तर देता येईल. नाव पाठवायची मुदत ३१ जानेवारी. १ फेब्रुवारीनंतर समिती सगळी नावं तपासते आणि मार्चपर्यंत वीस-तीस नावांची छोटी यादी करते. उन्हाळाभर सल्लागार त्या नावांवर अहवाल लिहितात. निर्णय ऑक्टोबरच्या सुरुवातीला होतो, एकमत झालं नाही तर बहुमताने. त्यावर अपील नाही. १० डिसेंबरला, नोबेल यांच्या पुण्यतिथीला, ऑस्लोच्या नगरभवनात समारंभ. या सगळ्यात संस्थेला एकही पत्र येणार नाही. पत्र आलं नाही म्हणून कागद पोचले नाहीत असं समजू नका.

नाव पुढच्या वर्षी आपोआप राहत नाही. दर वर्षी नव्याने पाठवावं लागतं.

सीमाभाग

थोडं विषयाला सोडून, पण इथे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण लिहिणारे आहेत म्हणून.

साहित्याच्या नोबेलसाठी नाव कोण देऊ शकतं, असं साहित्य मंडळांच्या बैठकीत नेहमी विचारतात. स्वीडिश अकादमीचे आणि तशाच इतर अकादमींचे सदस्य, विद्यापीठातले साहित्याचे आणि भाषाशास्त्राचे प्राध्यापक, आधीचे मानकरी, आणि देशाच्या साहित्याचं प्रतिनिधित्व करणाऱ्या लेखक संघटनांचे अध्यक्ष. मुदत तीच, ३१ जानेवारी. म्हणजे मराठी किंवा इंग्रजी साहित्याचा विद्यापीठातला प्राध्यापक पात्र आहे. अडतं ते पुढे. स्टॉकहोमला अठरा सदस्यांची अकादमी वाचणार कशातून? लेखकाची निदान तीन-चार पुस्तकं चांगल्या इंग्रजी, फ्रेंच, जर्मन किंवा स्वीडिश अनुवादात, तिकडे मिळणाऱ्या प्रकाशनाकडून आलेली नसतील, तर पत्राचा उपयोग नाही. टागोरांना १९१३ मध्ये मिळालं तेव्हा त्यांचं नाव लंडनहून टी. स्टर्ज मूर यांनी पाठवलं होतं आणि वाचायला इंग्रजी पुस्तक होतं.

म्हणून मराठीसाठी मला जवळची वाट आंतरराष्ट्रीय बुकरची वाटते. तिथे लेखक अर्ज करत नाही, प्रकाशक पुस्तक पाठवतो. पुस्तक इंग्रजी अनुवादात ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये प्रसिद्ध झालेलं हवं, भारतात छापलेली आवृत्ती चालत नाही. ५० हजार पौंडांचे दोन सारखे वाटे होतात, लेखक आणि अनुवादक. २०२५ मध्ये तो आपल्या शेजारच्या कन्नडला मिळाला: बानू मुश्ताक यांच्या कथांना, अनुवाद दीपा भास्ती यांचा. अक्कलकोटच्या पलीकडची भाषा तिथवर पोचली त्यात अनुवादकाचा वाटा बरोबर निम्मा, आणि तो रकमेतही दिसतो. आपल्याकडे अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर यायची मारामार आहे. मराठीने आधी हे दुरुस्त करावं.

कागदपत्र_काका

ताईंच्या शेवटच्या प्रश्नाकडे कोणी वळलं नाही: या कामाला जवळचा पुरस्कार कोणता?

माझं मत विचाराल तर तुमचं पहिलं दार युनेस्कोचं. तिथे साक्षरतेचे दोन पुरस्कार आहेत. किंग सेजोंग साक्षरता पुरस्कार दक्षिण कोरियाच्या पैशातून १९८९ मध्ये सुरू झाला, आणि त्याचा भर मातृभाषेतून साक्षरतेवर आहे. कन्फ्यूशियस पुरस्कार २००५ पासून, तो रोजच्या जगण्यात उपयोगी पडणाऱ्या साक्षरतेसाठी, विशेषतः ग्रामीण प्रौढ आणि शाळेबाहेरची तरुण मुलं यांच्यासाठी. सेजोंगची रक्कम प्रत्येकी २० हजार डॉलर, कन्फ्यूशियसची ३० हजार. तेलुगूतून सुरू करून मराठीवर नेणं हे तुमचं वैशिष्ट्य सेजोंगच्या चौकटीत नेमकं बसतं. नोबेलच्या पत्रात जो दुवा शोधावा लागतो तो इथे शोधावा लागत नाही.

स्वतः थेट अर्ज इथेही चालत नाही. सदस्य देशाचा राष्ट्रीय आयोग किंवा युनेस्कोशी अधिकृत भागीदारी असलेली स्वयंसेवी संस्था नाव पाठवते. आपल्यासाठी तो आयोग दिल्लीत शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. बहुतेक संस्था इथेच चुकतात: युनेस्कोची जाहीर मुदत पाहून त्याच आठवड्यात कागद पाठवतात. आयोगाला आलेल्या नावांतून निवड करायची असते, म्हणून त्यांची आतली मुदत आधीची असते. सूचना निघाली की त्याच दिवशी आयोगाला विचारून ती तारीख घ्या. निकाल ८ सप्टेंबरच्या आंतरराष्ट्रीय साक्षरता दिनाच्या आसपास.

दुसरं दार राइट लाइव्हलीहुड पुरस्काराचं, १९८० पासूनचं, तेही स्वीडनमधलं. तिथे कोणीही दुसऱ्याचं नाव सुचवू शकतं, पदाची अट नाही. १९९१ मध्ये मेधा पाटकर आणि बाबा आमटे यांना नर्मदा बचाव आंदोलनासह मिळाला होता. आशियापुरतं बघायचं तर मॅगसेसे. जामखेडच्या रजनीकांत आणि मेबल आरोळे यांना १९७९ मध्ये मिळाला तो खेड्यातल्या बायकांनाच आरोग्यसेविका म्हणून उभं करण्याच्या कामासाठी. तुमच्या कामाची मांडणी करताना ते उदाहरण अभ्यासा, अंतरही फार नाही.

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांच्यामुळे ग्लोबल टीचर प्राइझचं नाव आपल्या जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कोणीतरी ते सुचवेलच. २०२० मध्ये १४० देशांतल्या १२ हजारांहून अधिक नावांतून त्यांची निवड झाली, आणि दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली. पण तो पुरस्कार शालेय वयाच्या मुलांना शिकवणाऱ्यांसाठी आहे. प्रौढ साक्षरता त्यात बसत नाही. त्यात वेळ घालवू नका.

आता पैशाचा भाग, ज्याकडे पुरस्कार हातात येईपर्यंत कोणी बघत नाही. संस्थेला परदेशातून रक्कम येणार असेल तर परकीय अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च झालेला दिसला पाहिजे. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी रक्कम पहिल्यांदा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच उतरते. सोलापुरातल्या खात्यावर थेट घेतली तर कायदा मोडतो. संयुक्त राष्ट्रं आणि त्यांच्या विशेष संस्थांना हा कायदा परकीय स्रोत मानत नाही, आणि युनेस्को त्यांपैकीच एक. म्हणून सेजोंगचा मार्ग या बाजूनेही सोपा पडेल. तरी रक्कम कोणत्या खात्यातून निघणार ते सीएला दाखवून घ्या.

पूर्वभाग_वाचनालय

सगळ्यांचे आभार. काल बैठक झाली. सह्यांची मोहीम रद्द केली. आधी युनेस्कोसाठी कागद लावायचे, आणि प्राध्यापिकाबाई तयार झाल्या तर शांतता पुरस्काराचं पत्र संस्थेच्या नावाने, असं ठरलं. कार्डाचं उदाहरण वाचून दाखवलं तेव्हा वर्गातल्याच दोघी म्हणाल्या, "आमची जुनी कार्डं आहेत की, देतो." त्यांच्यावर पहिल्या वर्षीचा अंगठा आणि नंतरच्या वर्षीची सही दोन्ही आहेत. ती जोडली तर चालतील?

आणि मुदत ३१ जानेवारी म्हणजे आपल्याकडची रात्री बाराची का?

नवी_पेठ_ग्रंथपाल

कार्डं जरूर जोडा. एकाच बाईची दोन कार्डं शेजारी शेजारी, अंगठ्याचं आणि सहीचं, एका पानावर स्कॅन करा. मूळ कार्डं कोणाला देऊ नका, भविष्यनिर्वाह निधीच्या आणि पेन्शनच्या दाव्याला तीच लागतात. स्कॅनवर कार्ड क्रमांक, आधारचे आकडे आणि कारखान्याचं नाव झाका, आणि त्या दोघींची लेखी संमती घ्या. संमतीचा कागद तेलुगूत आणि मराठीत दोन्ही करा, आणि त्यांनीच तो वाचून सही करू दे. खाली एक ओळ इंग्रजीत: कोणत्या वर्षाचं कार्ड आणि वर्गात ती कधी आली. सोबत दुसरं काही लिहायला नको.

केगावकर

मुदत मध्य युरोपच्या वेळेप्रमाणे मोजतात. जानेवारीत आपण तिच्यापेक्षा साडेचार तास पुढे असतो, म्हणून ३१ तारखेची तिथली मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे १ फेब्रुवारीची पहाट, साडेचार. पण त्यावर विसंबू नका. अर्ज प्राध्यापिकाबाईंनी त्यांच्या विद्यापीठाच्या ईमेलवरून स्वतः भरायचा आहे, आणि जानेवारीत संक्रांत, गड्ड्याची यात्रा, विद्यापीठाच्या परीक्षांची कामं सगळं एकदम येतं. टिपणं त्यांच्या हातात डिसेंबरअखेर द्या. ५ जानेवारीला त्यांचा मसुदा बघा, फक्त आकडे आणि स्पेलिंग तपासा, भाषेला हात लावू नका. २० तारखेच्या आत अर्ज भरून होऊ दे. भरलेल्या अर्जाची एक प्रत त्यांनी स्वतःकडे ठेवावी, पुढच्या वर्षी पुन्हा पाठवायचं तर तिथूनच सुरुवात करता येईल.